लॅबमध्ये जे उघडते ते घरीही उघडू द्या

प्रति,
मा. व्यवस्थापन मंडळ,
इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज,
मुंबई



२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या लॅब उभारण्याची घोषणा झाली आणि त्या कामात आपली संस्था केंद्रस्थानी आली. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही याच क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले होते. सांगली जिल्ह्यात मुलांना गेम डिझाइन शिकवणारा शिक्षक म्हणून मला या दोन्ही बातम्यांचा मनापासून आनंद झाला. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीला थ्रीडी मॉडेल म्हणजे काय हे दहावीच्या आत कळणार असेल, तर त्यापरते काय हवे?

लॅबमध्ये संगणक किती, टेबले कुठे, वीज कशी, हे ठरवणारी माणसे आपल्याकडे असतीलच. मला बोलायचे आहे ते त्या संगणकांवर घालायच्या सॉफ्टवेअरबद्दल. ते एकदा ठरले की पुस्तके, प्रशिक्षण आणि परीक्षा त्याच्याभोवती रचल्या जातात, आणि मग बदलणे कोणाच्याही हातात राहत नाही. माझी मागणी एकच आहे. शाळेच्या लॅबमध्ये जे सॉफ्टवेअर उघडेल, तेच सॉफ्टवेअर मुलांना घरच्या, मावशीकडच्या किंवा कॉलेजला गेलेल्या दादाच्या जुन्या लॅपटॉपवर एक रुपयाही न देता आणि कायदा न मोडता उघडता आले पाहिजे.

माझ्याकडे येणारी मुले पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, माया कुठे मिळेल?" मिळेल म्हणजे क्रॅक केलेली चोरीची प्रत मिळेल. विकत घ्यायचा विषयच नसतो. माया हे ऑटोडेस्क कंपनीचे थ्रीडी सॉफ्टवेअर. त्याचा अमेरिकेतला दर २०२५ मध्ये वर्षाला १,९०० डॉलरच्या पुढे होता. रुपयांत तो दीड लाखाच्या पुढे जातो, आणि दर वर्षी पुन्हा भरावा लागतो. इतक्या पैशांत इथे एक चांगली म्हैस येते, आणि ती दूध देते. त्यामुळे पोर कुठल्याशा चॅनेलवरून फाइल उतरवते, सूचनेप्रमाणे अँटीव्हायरस बंद करते, आणि घरच्या एकुलत्या एका संगणकात काय काय शिरले ते कोणालाच कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलीची या धंद्याशी पहिली ओळख चोरीने व्हावी, याचे मला फार वाईट वाटते. पुढे तीच मुलगी स्वतःचा गेम विकायला काढते, तेव्हा तो कशावर केला हे सांगताना तिला अडखळावे लागते.

मोठ्या शहरातल्या एका खासगी क्लासमधून परत आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. घरच्यांनी कर्ज काढून फी भरली होती. क्लासमधल्या सगळ्या संगणकांवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स होती. कोर्स संपला तेव्हा त्याच्या हातात एक प्रमाणपत्र आणि न उघडणाऱ्या फायलींचा पेनड्राइव्ह होता. मुलगा हुशार होता, त्याची नजर चांगली होती. पण फक्त कोणते बटन कुठे आहे एवढेच त्याला शिकवले होते, आणि ती बटनेही आता त्याच्याकडे नव्हती.

कंपन्या शैक्षणिक परवाने फुकट देतात, हे मला माहीत आहे. ऑटोडेस्कही पात्र संस्थांतल्या विद्यार्थ्यांना एका वर्षाचा परवाना देते आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण होते. शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण त्या परवान्यावर केलेले काम विकता येत नाही, आणि शिक्षण संपले की परवानाही संपतो. म्हणजे ज्या दिवसापासून मुलाला कमवायचे असते, नेमके त्याच दिवशी त्याचे अवजार काढून घेतले जाते. शाळकरी मुलांच्या बाबतीत तर ओळख पटवणे, ईमेल, नूतनीकरण हे सगळे त्या एका शिक्षकाच्या गळ्यात पडणार, ज्याच्याकडे आधीच शालेय पोषण आहाराची नोंद आणि निवडणुकीची यादी असते.

दुसऱ्याच्या मर्जीवर अभ्यासक्रम उभा केला की काय होते, हे या क्षेत्राने डोळ्यांदेखत पाहिले आहे. 'ज्युरासिक पार्क'मधले डायनासोर ज्या सॉफ्टइमेजवर चालवले गेले, ते सॉफ्टवेअर ऑटोडेस्कने २००८ मध्ये विकत घेतले आणि २०१४ मध्ये बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यावर आयुष्य घातलेल्या कलाकारांना पुन्हा नव्याने शिकावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम इंजिनने गेम इन्स्टॉल होईल तसे शुल्क आकारायचे ठरवले. जगभरचे छोटे गेमकार हबकले, विरोध झाला, आणि वर्षभराने कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला हे बरेच झाले. पण त्या वर्षभरात मी शिकवत असलेल्या मुलांना काय सांगायचे, हा प्रश्न मला खरोखर पडला होता.

याउलट ब्लेंडरची गोष्ट बघा. नेदरलँड्समधल्या टॉन रोसेंडाल यांनी घडवलेले हे थ्रीडी सॉफ्टवेअर. २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनी बंद केली आणि सॉफ्टवेअर अडगळीत जायची वेळ आली. रोसेंडाल यांनी सोर्स कोड सोडवून घेण्यासाठी १,००,००० युरोंचा सौदा केला आणि वापरणाऱ्यांपुढे हात पसरला. सात आठवड्यांत पैसे जमले. तेव्हाच्या दराने ही रक्कम पन्नास लाख रुपयांच्या आत होती. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुले झाले. त्या दिवसापासून ते कोणी विकत घेऊन बंद करू शकत नाही. लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांचा 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरमध्येच झाला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. एका छोट्या देशातल्या दिग्दर्शकाने आणि त्याच्या छोट्या चमूने वापरलेले तेच सॉफ्टवेअर, एक अक्षरही कमी न करता, मिरजेतल्या मुलाला मिळते. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो.

ब्लेंडरवर काय शिकवता येते, याचा एक नमुना देतो. जेजुरीचा गड चढलेल्या कोणालाही दीपमाळ ठाऊक असते. वर निमुळता होत गेलेला दगडी खांब आणि दिवे ठेवायला त्याला चहूबाजूंनी काढलेले दगडी हात. गेमसाठी ती करायची म्हटले की मुलांना धडकी भरते, कारण इतके हात एकेक करून कोण घडवणार? आम्ही बारा बाजूंचा एक सिलिंडर घेतो. एक क्यूब घेऊन, तो ओढून, टोक जरा वर उचलून एकच हात घडवतो. हाताचा केंद्रबिंदू (ओरिजिन) खांबाच्या मध्यावर आणतो आणि तिथेच 'एम्प्टी' ठेवतो. ती नुसती खूण असते, गेममध्ये दिसत नाही. एम्प्टी ३० अंशांत फिरवायची, हाताला प्रती काढणारा ॲरे मॉडिफायर लावून ती एम्प्टी दाखवायची आणि संख्या १२ द्यायची. खांबाभोवती बारा हातांचे कडे उभे राहते. दुसरा ॲरे उभ्या दिशेने लावला की कड्यावर कडी चढतात. शेवटी खांब आणि हात यांना एकाच लॅटिसमध्ये, म्हणजे आकार वाकवणाऱ्या पिंजऱ्यात, बसवायचे आणि लॅटिसचे वरचे तोंड आवळायचे. सबंध दीपमाळ एकदम निमुळती होते.

इथे वर्गात कोणीतरी विचारतेच की ३०च अंश का? मग ३६० भागिले १२ फळ्यावर येते. पुढचा हिशेब त्रिकोणांचा. एका हातात ४० त्रिकोण असतील, कड्यात १२ हात, आणि कडी ८, तर ३,८४० त्रिकोण. मोबाइलवर चालणाऱ्या गेममध्ये मागे उभ्या असलेल्या एका दीपमाळेवर इतके खर्च करायचे का? मुले वाद घालतात. कोणी हाताच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजू काढून टाकते, कोणी वरची कडी सपाट करते. मूळ हात बदलला की सगळे हात आपोआप बदलतात, हे बघून त्यांचे डोळे चमकतात. मग ते मॉडेल जीएलटीएफ स्वरूपात बाहेर काढून गोदो या गेम इंजिनमध्ये आणायचे. ब्लेंडरमध्येच वस्तूच्या नावाला ठरावीक शेपूट जोडलेले असेल, तर गोदो तिच्याभोवती टकरीचा आकार स्वतःहून घालते आणि गेममधला माणूस दीपमाळेतून आरपार जात नाही. या सगळ्यात भूमिती आली, काटकसर आली, जेजुरी आली. पैसे कुठेही लागले नाहीत.

गोदोही असेच खुले आहे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर यांनी ते घडवले आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सोडले. त्यावर केलेल्या गेममधून तुम्ही कितीही कमवा, कोणाला हिस्सा द्यावा लागत नाही. 'ब्रोटॅटो'सारखा जगभर खपलेला गेम त्यावर झाला आहे. मला शिक्षक म्हणून त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो त्याचा हलकेपणा. पेनड्राइव्हवर मावते, इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो. घरी संगणक नसलेल्या मुलाला निदान कोड तपासता येतो, पात्र इकडचे तिकडे हलवता येते. अनरियल या गेम इंजिनबद्दल मला आदर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा देखणा गेम अनरियलवरच झाला, आणि उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे जाईपर्यंत त्याची मालक एपिक कंपनी हिस्साही मागत नाही. पण अनरियल उतरवायलाच कित्येक जीबी लागतात आणि चालवायला दणकट ग्राफिक्स कार्ड. शाळेत ते झेपणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ते जरूर ठेवा.

चित्रांसाठी क्रिटा घ्यावे. रंगवण्याच्या कामात ते मला खरोखर आवडते, आणि पात्रांची रेखाटने, पार्श्वभूमी, टेक्स्चर यांना ते पुरून उरते. आयकॉन आणि बटनांसाठी इंकस्केप. फोटो दुरुस्तीला जिम्प आहे, पण फोटोशॉपच्या जागी ते जसेच्या तसे बसते असे मी म्हणणार नाही. सवय झालेल्या माणसाला ते अडते. सुरुवात करणाऱ्याला तितके अडत नाही. दगड, माती, गंजलेला पत्रा यांची टेक्स्चर्स घडवायला मटेरियल मेकर आहे, आणि तयार हवी असतील तर पॉली हेवनवर कुठल्याही अटीशिवाय मिळतात. यातली बहुतेक नावे आपल्याला माहीत असतीलच. ती एकत्र बांधून, तपासून, एका डिस्कवर शाळेच्या दारात पोचवणारे कोणी नाही, ही खरी अडचण आहे. आणि हे काम आपली संस्था सहज करू शकते.

स्टुडिओंमध्ये मायाच मागतात, मग मुलांच्या नोकरीचे काय, असे कोणी म्हणेल. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या मोठ्या स्टुडिओंत हे बऱ्याच अंशी खरे आहे. म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षात शैक्षणिक परवाना घेऊन माया शिकवावे, त्याला माझी ना नाही. पण मॉडेलच्या जाळीचा ओघ सांध्यापाशी कसा वळवायचा, यूव्ही उलगडताना शिवण कुठे लपवायची, खांद्याचे हाड कुठे ठेवले तर हात उचलल्यावर काख चिमटत नाही, हे ज्याला ब्लेंडरमध्ये कळले त्याला मायामध्येही कळते. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या मुलांनी नोकरीनंतर सॉफ्टवेअर बदलले, त्यांना मेनू शोधायला वेळ लागला, पण कलेचे काम त्यांना पुन्हा शिकावे लागले नाही. आठवीच्या मुलाला नोकरीच्या जाहिरातीतले नाव शिकवण्यात काहीच अर्थ नाही. तो बाजारात येईपर्यंत त्या जाहिराती बदललेल्या असतील.

सॉफ्टवेअर फुकट म्हणून संगणक कसाही चालेल, असे मात्र समजू नये. ब्लेंडरच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी रॅम आणि ओपनजीएल ४.३ चालवणारे ग्राफिक्स लागते. शाळांत पडून असलेल्या जुन्या यंत्रांवर ते सुरूच होत नाही. परवान्यांवर वाचलेले पैसे इथे घाला. आणि निविदेत एक ओळ हटकून असू द्या: प्रत्येक संगणकाला चाक दाबता येणारा माउस आणि वेगळ्या आकडेपट्टीचा कीबोर्ड. ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवून बघायचे ते मधले बटन दाबून, आणि समोरून, बाजूने, वरून बघायचे ते आकडेपट्टीवरच्या १, ३, ७ ने. नुसता लॅपटॉप दिला की मुलगा टचपॅडवर बोटे घासत बसतो आणि दुसऱ्या तासाला कंटाळतो. दोनतीनशे रुपयांच्या माउसवरून अख्खी लॅब ओस पडू शकते.

हे सगळे शाळांच्या पातळीवर जमते का, तर जमते. केरळने ते करून दाखवले आहे. तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच चालते. राज्याची 'काइट' ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बांधते, शिक्षकांना शिकवते, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट चालवते. त्यांच्या शिबिरांत मुले ओपनटून्झवर ॲनिमेशन करतात, ब्लेंडरही शिकतात. हे ओपनटून्झ म्हणजे स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या टून्झची २०१६ मध्ये खुली झालेली आवृत्ती. सरकारी शाळेतले मूल तेच वापरून हलणारे चित्र काढते. आपली माणसे एकदा तिथे जाऊन एखादे शिबिर प्रत्यक्ष बघून आली, तर या पत्रातले अर्धे म्हणणे मला मांडावेच लागणार नाही.

आपल्याकडच्या शाळांतल्या संगणक कक्षांचा अनुभव आठवा. ठेकेदाराचा करार असतो तोवर खोली उघडी असते, करार संपला की कुलूप लागते आणि वर्षभरात उंदीर वायरी कुरतडतात. परवान्यांची मुदत हे या नव्या लॅबचे दुसरे कुलूप ठरेल. कंपनीने पहिली दोन वर्षे परवाने फुकट दिले, तरी तिसऱ्या वर्षी त्यांचे पैसे कोण भरणार? मुख्याध्यापक? शाळा व्यवस्थापन समिती? सादिल खर्चातून तर खडूसुद्धा पुरत नाहीत.

आणि मी काही जगावेगळे मागत नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, निविदा काढताना त्याचा विचार करणे पुरवठादारांना बंधनकारक करावे, आणि ते वगळले तर पुरवठादारांनी कारण द्यावे, असे ते धोरण सांगते. या लॅबच्या निविदेत ते कलम दिसावे, आणि कुठे बंद सॉफ्टवेअर घेतलेच तर त्याचे कारण सगळ्यांना वाचता येईल अशा जागी ठेवावे, ही माझी विनंती आहे.

शेवटी शिकवण्याच्या भाषेबद्दल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने यातला मोठा रस्ता आधीच तयार करून ठेवला आहे. साधारण दहा मिनिटांचा पाठ, पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, ऐकायचे, थांबवायचे, करून बघायचे. ब्लेंडर, जिम्प, इंकस्केप यांवर तिथे पाठ आहेत आणि अनेक भारतीय भाषांत आवाज देण्याची त्यांची पद्धत पक्की बसलेली आहे. अडचण एवढीच की ब्लेंडरचे ते पाठ २.८० च्या आधीच्या आवृत्तीवर आहेत. २०१९ मध्ये २.८० आले आणि पडद्याची सगळी मांडणी पालटली. निवड उजव्या बटनाने होत असे, ती डाव्या बटनाने होऊ लागली. जुना पाठ लावून बसलेले मूल पहिल्याच मिनिटाला अडते आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून गप्प बसते. आयआयटी आणि आपली संस्था एकाच शहरात आहेत. पवई ते आपल्या नियोजित संकुलाची जागा असलेली गोरेगावची चित्रनगरी हे अंतर काही फार नाही. दोघांनी मिळून ब्लेंडरच्या दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या एखाद्या आवृत्तीवर, क्रिटावर आणि गोदोवर नवे पाठ केले, तर मराठीसह सगळ्याच भाषांतल्या शाळांचे काम होईल.

मराठी पाठांच्या संहिता लिहून द्यायला आणि ग्रामीण भागातल्या मुलांबरोबर त्या तपासून बघायला मी तयार आहे. राज्यात असे काम करणारे शिक्षक जागोजागी आहेत. बोलावले तर तेही येतील, मानधनाची वाट बघणार नाहीत. पहिल्या टप्प्यातल्या शाळांची यादी आणि संगणकांचे तपशील जाहीर होण्याआधी सॉफ्टवेअरची यादी सूचना-हरकतींसाठी मराठीतही खुली करावी. तशी ती केलीत, तर दीपमाळेचा पाठ फायलींसकट मी त्याच आठवड्यात पाठवून देईन.

आपला विश्वासू,
सांगली जिल्ह्यातला एक शिक्षक